प्रीतीविरुद्धची पापे: प्राणघातक कोणते आणि क्षम्य कोणते, हे कसे ओळखावे

पापनिवेदनापूर्वी, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापे सांगण्यापूर्वी, आत्मपरीक्षण करताना चोरीचे पाप ओळखणे फारसे अवघड नसते. कोणाचे घेतले, किती घेतले, घेताना ते दुसऱ्याचे आहे हे ठाऊक होते की नाही, एवढे पाहिले की बराचसा उलगडा होतो. प्रीतीविरुद्धच्या, म्हणजे देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रेमाविरुद्धच्या, पापांचे तसे नाही. जावेचा राग येतो, शेजाऱ्याची भरभराट डोळ्यांत खुपते, सख्ख्या भावाशी दोन वर्षे बोलणे नाही, यांत पाप कोठे सुरू होते आणि ते कोणत्या प्रतीचे, हे ठरवताना भलेभले गोंधळतात. मग काही जण ‘चिडलो, वाईट बोललो’ एवढ्यावर सारे उरकतात आणि हळव्या मनाची माणसे प्रत्येक कडवट विचार प्राणघातक समजून महिनोन्‌महिने कम्युनियनपासून (ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापासून) दूर राहतात. दोघांचीही चूक एकाच ठिकाणी होते: दोघेही भावना किती तीव्र होती ते मोजतात, तर कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण मनाने ठरवून दुसऱ्यासाठी काय इच्छिले आणि ते किती मोठे होते, हे मोजायला सांगते.

मोजमाप कोठून येते

ज्याचा परिणाम मरण आहे असे पाप आणि ज्याचा परिणाम मरण नाही असे पाप, हा भेद बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातच आहे. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅटेकिझमच्या (ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाच्या) १८५५ व्या परिच्छेदानुसार प्राणघातक पाप माणसाच्या हृदयातील प्रीती नष्ट करते; क्षम्य पाप प्रीतीला दुखावते, जखमी करते, पण ती शिल्लक राहू देते. प्राणघातक पापासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. विषय गंभीर असावा, तो गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असावी आणि तरीही विचारपूर्वक संमती दिलेली असावी. यांतील एक जरी अट अपुरी असली, तरी पाप क्षम्य ठरते किंवा मुळात पापच ठरत नाही.

‘क्षम्य’ आणि ‘प्राणघातक’ यांच्यामध्ये ‘गंभीर, पण प्राणघातक नाही’ असा तिसरा कप्पा करण्याची सोयीस्कर सवय काहींना असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या आपल्या प्रबोधनपत्रात तो कप्पा नाकारला आहे. तसेच देवाला उघडपणे नाकारले तरच प्राणघातक पाप घडते, असेही नाही. शेजाऱ्याचे गंभीर वाईट जाणूनबुजून इच्छिणे किंवा करणे, एवढ्यानेही ते घडते.

एका अर्थी प्रत्येक प्राणघातक पाप प्रीतीच्या विरोधात जाते. येथे विचार करावयाचा आहे तो प्रीतीला थेट विरोध करणाऱ्या पापांचा. तेराव्या शतकातील धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांची यादी दिली आहे: द्वेष, आध्यात्मिक आळस, मत्सर, मनभेद, वादंग, धर्मसभेतील फूट, अन्याय्य युद्ध, मारामारी, बंडाळी आणि अडखळण (आपल्या वागण्याने दुसऱ्याला पापाकडे ओढणे). सामान्य कुटुंबवत्सल भाविकाच्या आत्मपरीक्षणात यांतील तीन-चारच वारंवार येतात, आणि खरा गुंताही त्यांतच असतो.

द्वेष आणि दुखावलेपण

पहिली पायरी म्हणजे भावना बाजूला काढून इच्छा शोधणे. ज्याने आपल्याला फसवले त्याचे नाव निघताच छातीत धडधडणे, त्याच्या आवाजाने अंगावर काटा येणे, झोप उडणे, हा द्वेष नव्हे. ती जखम आहे. अपराध मनाला न जाणवणे किंवा तो विसरून जाणे आपल्या हातात नसते, असे कॅटेकिझमच २८४३ व्या परिच्छेदात मान्य करतो. तेव्हा स्वतःला विचारावयाचा प्रश्न ‘मला अजून राग येतो का?’ असा नसून ‘त्या माणसाचे काय व्हावे असे मी ठरवून इच्छितो?’ असा आहे.

उत्तर ‘त्याने माझे पैसे परत करावेत, त्याला कायद्याने शिक्षा व्हावी, त्याचे डोळे उघडावेत’ असे असेल तर तेथे द्वेष नाही. दावा लावणे, पोलिसांत तक्रार देणे, साक्ष देणे या न्यायाच्या गोष्टी आहेत. क्षमा म्हणजे हक्क सोडणे, असा समज आपल्याकडे फार रुजला आहे आणि त्यापायी छळ सोसणाऱ्या कितीतरी स्त्रिया विनाकारण स्वतःलाच पापी ठरवतात.

उत्तर ‘त्याची जरा फजिती व्हावी, मुलाखतीत त्याची बोबडी वळावी’ असे असेल तर वाईट इच्छिले खरे, पण ते लहान आहे. असे पाप एरवी क्षम्य असते. ‘त्याचा धंदा बुडावा, त्याच्या मुलीचा संसार मोडावा, तो मरावा’ असे उत्तर असेल आणि ती इच्छा क्षणिक लहर नसून मनाने धरून ठेवलेली असेल, तर विषय गंभीर आहे. कॅटेकिझमच्या २३०२ आणि २३०३ या परिच्छेदांत हीच सीमारेषा आहे. ठार मारण्याची किंवा गंभीर जखमी करण्याची ठरवून केलेली इच्छा येथपर्यंत राग पोहोचला, तर ते प्राणघातक पाप होय. आणि शेजाऱ्याचे गंभीर नुकसान व्हावे असे जाणूनबुजून इच्छिणारा द्वेष गंभीर पाप होय. हात उचलला नाही, तोंडातून शब्द निघाला नाही, एवढ्याने सुटका होत नाही. भावाचा द्वेष करणाऱ्याला योहान नरहिंसक म्हणतो, तो याच अर्थाने.

शिव्याशापांनाही हीच कसोटी लावावी. पोराने भरलेली कळशी सांडली की ‘मुडदा बशिवला तुझा’ म्हणणारी आजी दहा मिनिटांत त्याच पोराला मांडीवर घेऊन भाकरी भरवते. तिच्या शब्दांत मरण असले तरी इच्छेत ते नसते. शाप देणे हे स्वरूपतः गंभीर पाप आहे, पण मागितलेले वाईट लहान असेल किंवा शब्द थट्टेने वा रागाच्या भरात सहज निघून गेलेले असतील, तर ते क्षम्य ठरते, असे संत थॉमस सांगतात. याउलट कोणाला तळतळाट लागावा म्हणून देवळात किंवा चर्चमध्ये जाऊन शांतपणे मागणे करणारा माणूस एकही अपशब्द न उच्चारता प्राणघातक पाप करू शकतो. कोणाचे वाईट व्हावे म्हणून मांत्रिकाकडून करणी करवून घेण्यात तर दुहेरी गंभीर विषय आहे: जादूटोणा पहिल्या आज्ञेविरुद्ध आहे आणि त्यात दुसऱ्याला इजा करण्याचा हेतू असला की तो अधिकच निंद्य होतो.

मत्सराचीही गत अशीच. सहकाऱ्याला बढती मिळाल्याचे कळताच पोटात कळ उठणे ही पहिली लहर आहे. संत थॉमस यांच्या मते मत्सर स्वरूपतः प्राणघातक असला, तरी अशा पहिल्या लहरी अपूर्ण असतात आणि त्या सज्जनांच्याही मनात उठतात. ती कळ ओळखून आपण तिला पाठ दाखवली तर पाप घडलेच नाही. घटकाभर कुरवाळली तर क्षम्य पाप. पण त्याचे खरोखरच मोठे नुकसान व्हावे अशी इच्छा पक्की केली, तर प्रत्यक्षात काहीही न करता विषय गंभीर होतो, हे २५३९ व्या परिच्छेदात स्पष्ट आहे.

अबोला

वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या धर्मग्रामांत सर्वांत जास्त घोळ होतो तो अबोल्याविषयी. समजा, वडिलोपार्जित वाडी थोरल्या भावाने धाकट्याला अंधारात ठेवून विकली, सातबाऱ्यावरून त्याचे नाव गेले, प्रकरण न्यायालयात आहे आणि दोघे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. धाकट्याने पापनिवेदनात काय सांगावे?

त्यासाठी प्रीतीच्या सर्वसाधारण खुणा आणि विशेष खुणा यांतील भेद उपयोगी पडतो. सर्वसाधारण खुणा म्हणजे कोणाही माणसाला आपण देतो त्या: नमस्काराला नमस्कार, सर्वांसाठी केलेल्या प्रार्थनेत त्याला न वगळणे, सारे गाव ज्या जेवणाला बोलावले तेथे मुद्दाम त्यालाच न टाळणे, अडीअडचणीत मदतीला जाणे. विशेष खुणा म्हणजे घरी येणेजाणे, मनातले सांगणे, मुलाच्या बाप्तिस्म्याला त्याला धर्मपिता करणे. पहिल्या खुणा वैऱ्याच्याही वाट्याला यायला हव्यात. दुसऱ्या खुणा त्याला देण्याची मनाची तयारी असावी, पण एरवी त्या देण्याचे बंधन नाही. म्हणून धाकटा भाऊ थोरल्याच्या घरी चहाला जात नसेल, पुन्हा फसवणूक नको म्हणून व्यवहारापासून दूर राहत असेल, तर त्यात पाप शोधू नये.

रागाच्या भरात तोंडून भलते निघू नये म्हणून चार दिवस गप्प राहण्यात तर शहाणपण आहे. बायकोला किंवा म्हाताऱ्या सासूला टोचावे म्हणून आठवडाभर धरलेला अबोला सहसा क्षम्य पाप ठरेल; मात्र तिने त्याचा धसका घेतला आहे, ती जेवेनाशी झाली आहे, हे दिसत असूनही तो ताणला, तर नुकसानीबरोबर विषयाचे वजनही वाढते. अबोला कायमचाच धरायचा ठरवला, भाऊ आजारी पडला तरी ढुंकून पाहिले नाही, आईच्या मयतालाही त्याला खांदा देऊ दिला नाही, चुलतभावंडांनी एकमेकांशी बोलू नये असे पोरांना बजावले आणि तो स्वतः क्षमा मागायला दारात आला असता दार लावून घेतले, तर विषय गंभीर आहे यात शंका ठेवू नये. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निष्ठुर चाकराचा दाखला याच माणसासाठी आहे. शिवाय मुलांच्या मनात वैर पेरणे हे अडखळण आहे आणि त्याचा हिशेब वेगळा द्यावा लागतो.

थोरल्याला मात्र सवलत नाही. ज्याने अपराध केला त्याने दान वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करावयाचा, अशी येशूची आज्ञा आहे. धाकटा बोलायला येण्याची वाट पाहत बसणे त्याला शोभत नाही.

जिभेची पापे

येथे प्रीतीबरोबर न्यायही दुखावला जातो, कारण नाव हे माणसाचे धन आहे. पुरेशा आधाराविना मनातल्या मनात दुसऱ्याचा नैतिक दोष खरा मानणे, योग्य कारण नसताना त्याचा खरा पण झाकलेला दोष इतरांना सांगणे आणि खोटे सांगून त्याची बदनामी करणे, हे तीन प्रकार कॅटेकिझमच्या २४७७ व्या परिच्छेदात वेगवेगळे मांडले आहेत. ‘पण मी खोटे कुठे बोलले?’ हा बचाव दुसऱ्या प्रकाराने निकालात निघतो.

गांभीर्य ठरवताना किती नुकसान झाले किंवा होण्याचा संभव होता, ते पाहावे. कोणी चिक्कू आहे, कोणी घोरतो, असल्या कुचाळक्या क्षम्य पापांत मोडतात. मुलीच्या जुन्या प्रेमप्रकरणाची बातमी ठरत आलेले लग्न मोडावे या हेतूने पसरवणे, अथवा नोकरी जाईल हे ठाऊक असताना कोणाविषयी कुभांड रचणे, हे गंभीर. स्थळाची चौकशी करायला आलेल्या मुलीच्या बापाने मुलाला दारूचे व्यसन आहे का, असे सरळ विचारले असता जे खरे आहे ते त्याला सांगणे ही मात्र चहाडी नव्हे, कारण ते जाणून घेण्याचा त्याला अधिकार आहे. सांगणाऱ्याने तेच पुन्हा नाक्यावर जाऊन सांगितले की प्रकरण बदलते. व्हॉट्सॲपच्या गटात एका बोटाने पुढे ढकललेल्या संदेशालाही हाच नियम लागू आहे, आणि तेथे ऐकणारे शंभर-दोनशे असतात, हे नुकसान मोजताना विसरू नये.

न केलेल्या गोष्टी

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दृश्यात डावीकडच्या लोकांवर ठेवलेला दोष करण्याचा नाही, न करण्याचा आहे. तरीही प्रत्येक भिकाऱ्याला नकार देणे प्राणघातक नव्हे. समोरच्याची गरज तातडीची आणि उघड आहे, त्याला मदत करणारा दुसरा कोणी दिसत नाही आणि आपल्याजवळ आपल्या गरजेपुरते ठेवून उरणारे आहे, अशा वेळी हात आखडता घेणे गंभीर असल्याचे संत थॉमस सांगतात. महामार्गावर अपघातात विव्हळणारा माणूस दिसला, १०८ क्रमांकाला साधा फोन करणे सहज शक्य होते, तरी ‘नसती कटकट’ म्हणून गाडी पुढे काढली, तर मरणाच्या धोक्यातील माणसाला साहाय्य नाकारणे हा गंभीर विषय होतो. घाबरून हातपाय गळाले आणि काहीच सुचले नाही, तर संमतीची अट अपुरी पडते.

अंथरुणाला खिळलेल्या आईवर थकव्याने खेकसणे क्षम्य असेल. तिला मुद्दाम औषधाविना, अन्नाविना ठेवणे गंभीर आहे, आणि ती परकी नसून आई आहे यामुळे ते अधिकच जड होते.

थेट देवाविषयी

देवाचा द्वेष हा असा विषय आहे की त्यात ‘लहान प्रमाण’ संभवत नाही. जाणीव आणि संमती पूर्ण असेल तर तो नेहमीच प्राणघातक. पण लेकरू गेल्यावर ‘देवा, तू असा कसा रे निर्दय?’ असा आक्रोश करणारी आई देवाचा द्वेष करत नाही. ईयोबाने आणि स्तोत्रकर्त्यांनी याहून कठोर बोल देवाला सुनावले आहेत. प्रार्थनेत मन न लागणे, जपमाळ म्हणताना कंटाळा येणे, ही बहुधा क्षम्य पापेदेखील नसतात. देवाची मैत्रीच नकोशी झाली, तिची खंत वाटू लागली आणि मनाने त्या उबगाला पुरती संमती दिली, तरच आध्यात्मिक आळस प्राणघातक होतो.

जाणीव आणि संमती तपासताना

विषय गंभीर निघाला म्हणून लगेच निकाल देऊ नये. अनवधानाचे अज्ञान दोष कमी करते, कधी पुसूनही टाकते. मुद्दाम पांघरलेले अज्ञान आणि हृदयाची कठोरता तो वाढवतात. तीव्र भावनावेग, बाहेरचा दबाव आणि मानसिक आजार संमतीचे स्वातंत्र्य घटवू शकतात, हे १८६० व्या परिच्छेदात नोंदवले आहे. व्यवहारात तीन प्रश्न पुरतात. तो विचार मी बोलावला की तो आपोआप आला? आल्यावर मी त्याला हुसकावले, दुर्लक्षिले की बसायला पाट दिला? त्या क्षणी ‘हे मोठे पाप आहे, तरी मी करणार’ असे मनात स्पष्ट होते का?

उत्तर तरीही धूसर राहिले तर स्वतःचा नेहमीचा स्वभाव पाहावा. एरवी प्राणघातक पाप कटाक्षाने टाळणाऱ्याला शंका आली, तर त्याने पूर्ण संमती दिली नसावी असे धरून चालण्याची मुभा नीतिशास्त्रज्ञ देतात; द्वेषाची सवय जडलेल्याने ही सवलत स्वतःला देऊ नये. आणि हे सारे तपासणे स्वतःपुरतेच असावे. कृती गंभीर आहे असे आपण म्हणू शकतो, पण दुसऱ्या माणसाचा निवाडा देवाच्या न्यायावर आणि दयेवर सोडावा, अशी शिकवण आहे.

क्षम्य पापे कितीही साठली तरी त्यांच्या बेरजेतून प्राणघातक पाप तयार होत नाही. मात्र जाणूनबुजून केलेले आणि पश्चात्तापाविना राहू दिलेले क्षम्य पाप मनाला हळूहळू प्राणघातकाकडे झुकवते. रोजची कुजकी थट्टा आणि वर्षानंतरचे हाडवैर यांच्यामध्ये सहसा असाच उतार असतो.

निर्णयानंतर

पाप प्राणघातक आहे याची खात्री असेल तर पापनिवेदन झाल्याशिवाय कम्युनियन घेऊ नये. गंभीर कारण असून पापनिवेदनाची संधीच नसेल, तर ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील धर्मनियम ९१६ नुसार परिपूर्ण, म्हणजे देवावरील प्रेमापोटी होणारा, पश्चात्ताप करून, लवकरात लवकर पापनिवेदन करण्याच्या निश्चयासह ते घेता येते. क्षम्य पापांसाठी असा अडथळा नाही. उलट कम्युनियननेच ती पुसली जातात, हे हळव्या मनाच्या भाविकांनी लक्षात ठेवावे. तरी तीही धर्मगुरूंपुढे सांगण्याची शिफारस ख्रिस्तसभा आवर्जून करते.

सांगताना प्राणघातक पापाचा प्रकार आणि संख्या सांगावी लागते. ‘फादर, मी भावावर रागावलो’ हे पुरेसे नाही. ‘माझ्या सख्ख्या भावाचे दिवाळे निघावे अशी इच्छा मी साधारण वर्षभर, आठवड्यातून दोन-तीन वेळा, समजून उमजून केली, तो क्षमा मागायला आला तेव्हा एकदा परत पाठवला’ असे सांगावे. जमिनीचा गट क्रमांक, वकिलाचे म्हणणे, वहिनीचे स्वभाववर्णन यांतले काही लागत नाही, आणि रांगेत मागे उभे राहिलेल्यांचाही विचार करावा. पाप प्राणघातक की क्षम्य अशी प्रामाणिक शंका असेल, तर ‘शंकास्पद’ म्हणूनच सांगावे. एकच शंका वारंवार छळत असेल, तर दर आठवड्याला नवा धर्मगुरू न शोधता एकाच धर्मगुरूंकडे जाऊन ते सांगतील तेथे थांबावे.

पापक्षमा मिळाली तरी झालेले नुकसान भरून देण्याचे कर्तव्य उरते. ज्याचे नाव घालवले त्याचे नाव शक्य तितके परत मिळवून द्यावे लागते. सांगितलेले खोटे असेल तर ज्यांना सांगितले त्यांच्यापुढे ते मागे घ्यावे, आणि ज्या गटात संदेश टाकला होता त्याच गटात दुरुस्ती टाकावी. सांगितलेले खरे असेल तर ‘ते खोटे होते’ असे म्हणता येत नाही. तेथे त्या माणसाचे खरोखरचे गुण त्याच लोकांपुढे बोलून दाखवावेत आणि तो विषय पुन्हा निघाला तर आपल्यापाशी थांबवावा.